लैंगिक आरोग्य : वर्ग आणि लिंगभाव

लैंगिक आरोग्य (वर्ग व लिंगभाव यांचा परिणाम) : शरीरसंबंध कधी यावा, मूल केव्हा व्हावे, दुखणे कोणाला सांगावे, या बाबी ज्याच्या-त्याच्या खासगी मानल्या जातात. प्रत्यक्षात घरातला पैसा कोणाच्या हाती आहे आणि ‘नको’ म्हणायची मुभा कोणाला आहे, यावर त्या ठरतात.

लासलगाव बाजार समितीचा उपबाजार असलेल्या विंचूरमध्ये (ता. निफाड, जि. नाशिक) हे रोजच्या हिशेबात दिसते. कांद्याच्या खळ्यावर उकिडवे बसून निवड करणाऱ्या बाईला अंगावरून पांढरे जात असले, तरी दवाखान्यात जायचे म्हणजे रोज बुडवायचा आणि घरी कारणही सांगायचे. दुखणे अंगावर काढणे त्यापेक्षा स्वस्त पडते.

अंगावर काढलेले हे दुखणे गडचिरोलीत मोजले गेले. डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी वसा आणि अमिर्झा या गावांतल्या ६५० स्त्रियांची पाहणी केली. ९२ टक्के स्त्रियांना जननेंद्रियांचे किंवा लैंगिक आजार आढळले. त्याआधी तशी तपासणी झालेल्या होत्या अवघ्या ८ टक्के. हे निष्कर्ष १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापले.

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरतात. उचल घेतलेली असते, खाडा झाला की दंड बसतो. पाळीचा त्रास म्हणजे खाडा. मग ‘पिशवी काढून टाका’ हा सल्ला सोयीचा वाटू लागतो. बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली, त्यांतल्या १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले होते. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने याची चौकशी केली.

लग्नाचेही कवच पुरत नाही. पुण्याच्या गुप्तरोग दवाखान्यांत आलेल्या, वेश्याव्यवसायात नसलेल्या स्त्रियांपैकी १३.६ टक्के एचआयव्हीबाधित निघाल्या, असे १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नोंदले आहे. त्यांतल्या बहुतेकींचा संबंध फक्त नवऱ्याशी आलेला होता.

र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढले, तेव्हा बाईच्या शरीरावर बाईचा हक्क हा त्यांच्या मांडणीचा गाभा होता. शतकानंतरचा हिशेब राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९–२१) आहे : महाराष्ट्रातल्या विवाहित जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत बायकोची नसबंदी झालेली आहे. नवऱ्याची शस्त्रक्रिया अधिक सोपी, पोट न उघडता होणारी. ती करून घेणारा शंभरात एकही भरत नाही.