एकाच पाण्यावर मासा आणि भाजी



गेल्या उन्हाळ्यात आम्ही गटातल्या सात जणींनी बचतीतून हजार लिटरची टाकी घेतली. तिच्यात माशांची बोटुकली सोडली. शेजारी खडीचा उंच वाफा करून पालक आणि पुदिना लावला. पंप टाकीतलं पाणी वाफ्यात चढवायचा आणि ते झिरपून परत टाकीत यायचं. याला अ‍ॅक्वापोनिक्स म्हणतात. माशाची घाण भाजीचं खत होते आणि भाजी पाणी निवळून माशाला परत देते. ऐकायला किती सोपं! पण दहाव्या दिवशी मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागले आणि पंधरवड्यात टाकी रिकामी झाली.

पंप चालू होता. पाणी दिसायला स्वच्छ होतं. खाणंही आम्ही हात सैल सोडून घालत होतो. मग चुकलं कुठे? हे शोधताना आम्हाला बरंच मागे जावं लागलं. तीच गोष्ट आज सांगतो.

मासा आणि पीक एका पाण्यावर घेणं नवीन नाही. चीनच्या चिंगत्यान भागात भातखाचरात मासे पाळण्याची रीत हजार वर्षांहून जुनी आहे. आपल्या शेजारी गोव्यात खाजण शेती आहे. खाडीकाठी मातीचे बांध घालायचे, बांधाला मानस म्हणजे लाकडी दरवाजा ठेवायचा. पावसाळ्यात आत खारं पाणी सोसणारा कोरगुट भात पिकतो आणि मानशीपाशी मासे, कोळंबी सापडतात. बांधाची आणि दरवाजाची देखभाल गावकरी मिळून करत.

आपल्या राज्यात भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत मालगुजारी तलाव आहेत. त्यातले पुष्कळ कोहळी समाजाच्या जाणत्या माणसांनी बांधले. तलावाच्या पाण्यावर धान आणि ऊस पिके, तलावात ढिवर समाज मासे धरी. 1950 नंतर मालगुजारी संपली, तलाव सरकारकडे गेले आणि अनेक ठिकाणी देखभाल मागे पडली. तलाव बिघडले तसे मासेही घटले. पुढे गोंदिया जिल्ह्यात ढिवर बायांनीच पुढे होऊन तलावांत मूळच्या पाणवनस्पती पुन्हा लावायला सुरुवात केली. माशाला आसरा हवा, चारा हवा, हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं.

या सगळ्या ठिकाणी एक गोष्ट सारखी आहे, ती म्हणजे तळाचा गाळ. आपण त्याला घाण म्हणतो, पण खरं काम तोच करतो. माशाच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून अमोनिया पाण्यात येतो आणि तो माशाला विष असतो. गाळात, दगडांवर आणि मुळांवर राहणारे जिवाणू त्या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्रेट हे भाजीचं खत. 1890 च्या सुमारास सर्गेई विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाने हे जिवाणू ओळखले. आमच्या टाकीत मासे होते, भाजी होती, पण मधला हा कामकरी नव्हता. कोरी टाकी, धुतलेली खडी आणि पहिल्याच दिवशी मासे! पाणी स्वच्छ दिसत होतं, पण त्यात विष साठत होतं. उरलेलं खाणं सडून त्यात भरच पडली.

टाकीतली ही शेती 50 वर्षांपूर्वी आकाराला आली. अमेरिकेत 1969 साली जॉन टॉड, नॅन्सी जॅक टॉड आणि विल्यम मॅकलार्नी यांनी न्यू अल्केमी इन्स्टिट्यूट सुरू केली आणि मासे व भाजी एकत्र वाढवून पाहिली. पुढे कॅरिबियन समुद्रातल्या व्हर्जिन बेटांवर जेम्स राकोसी यांनी वर्षानुवर्षं प्रयोग करून ही पद्धत बसवली. त्या बेटांवर गोड पाण्याची टंचाई होती, म्हणून तेच पाणी फिरवायची गरज पडली.

टंचाई आपल्याला काय नवी? आपला जिल्हा पर्जन्यछायेतला. 1972 चा दुष्काळ आपल्या सासवांनी खडी फोडून काढला. म्हणूनच हिवरे बाजारने पाण्याचा ताळेबंद मांडायला शिकवलं: आधी पाणी मोजा, मग पीक ठरवा. आम्हीही आता आधी पाणी मोजतो. टाकीत पाणी फिरत राहतं. जे वाफ होऊन जातं आणि जे भाजी पिते, तेवढंच वरून घालावं लागतं. पण पंपाला वीज लागते, आणि वीज आपल्या हातात नाही.

दुसऱ्या खेपेला आम्ही घाई केली नाही. जुन्या चालत्या टाकीतली थोडी खडी आणून वाफ्यात मिसळली आणि पाच-सहा आठवडे पाणी मुरू दिलं. अमोनिया तपासायची पेटी आणली. आकडा उतरल्यावर थोडेच मासे सोडले. काही मिनिटांत संपेल एवढंच खाणं घालतो. वीज गेली तर हवा द्यायला बॅटरीवरचा पंप आहे. भाजीवर औषध फवारत नाही, कारण ते थेट माशाच्या पाण्यात उतरतं. आज मासे जगले आहेत, पुदिना विकला जातो. नफा अजून मोठा नाही, तोही वहीत मांडून ठेवला आहे.

आता गटापुढे प्रश्न कर्जाचा आहे. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत महिलांना प्रकल्प खर्चाच्या 60 टक्क्यांपर्यंत अनुदान ठेवलं होतं. पण अनुदानाकडे पाहून टाकी घ्यायची नाही, असं आम्ही ठरवलंय. ज्यांच्याकडे शेततळं आहे त्यांनी आधी त्यातच रोहू, कटला, मृगळ सोडावेत आणि तेच पाणी पिकाला द्यावं. ठिबक असेल तर गाळणी नीट ठेवा. यात पाणी फिरवायचा पंप नाही, जोखीम कमी आणि माशाची सवय होते. तिलापिया पाळायचा असेल तर परवानगी लागते, ती मत्स्यव्यवसाय खात्याच्या जिल्हा कार्यालयात आधी विचारा.

एक वर्ष वही नीट लिहिली, वीज, खाणं, बोटुकली आणि आपली मजुरी वजा जाऊनही काही उरलं, तरच मोठ्या टाकीच्या कर्जावर सही करायची. पहिल्या खेपेला आमचे मासेच गेले. घाईत कर्ज काढलं असतं तर सात घरांची बचत गेली असती.

विरजण लागायला रात्र जावी लागते, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. पाण्याचंही तसंच आहे.