स्प्रिंगफील्ड : २५ जानेवारी १७८७, दुपारी चार

पाच महिने आधी

२९ ऑगस्ट १७८६. मॅसॅच्युसेट्समधल्या नॉर्थॅम्प्टनचे न्यायालय शेतकऱ्यांनी बसूच दिले नाही. न्यायालय बसले की कर्जाचे निकाल लागत आणि निकालामागून जप्ती दारात येई. राज्य सरकारला कर खणखणीत नाण्यांत हवा होता आणि पश्चिमेकडच्या शेतकऱ्यांच्या घरात नाणे नव्हते. त्यांतले कितीतरी जण ब्रिटिशांशी लढून आलेले. पगारापोटी मिळालेले कागदी रोखे त्यांनी मिळेल त्या भावाला विकले होते. पेलहॅमचा डॅनियल शेज त्यांच्यातलाच, बंकर हिल आणि साराटोगा लढलेला कॅप्टन.

तीन महिने आधी

न्यूयॉर्कमध्ये अमेरिकी महासंघाच्या काँग्रेसने १,३४० सैनिक उभारण्याचा ठराव केला. कारण इंडियन टोळ्यांचे सांगितले, पण काळजी होती स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागाराची. हजारो बंदुका, तोफा आणि दारूगोळा तिथे ठेवलेला होता. ही मालमत्ता कुठल्या एका राज्याची नव्हती, साऱ्या महासंघाची होती. मात्र १७८१ पासून लागू असलेल्या महासंघाच्या करारात काँग्रेसला कर बसवण्याचा अधिकारच नव्हता. तिने १३ राज्यांकडे पैसे मागायचे, राज्यांना वाटले तर त्यांनी द्यायचे. करार बदलायचा तर तेराही राज्यांचा होकार लागे. पैसे आले नाहीत, म्हणावी अशी फौज उभी राहिली नाही. पुढे जे रक्त सांडले ते माझ्या मते इथेच ठरले. ज्याला आपल्या सैनिकांचे देणे फेडता येत नाही आणि आपले कोठारही राखता येत नाही, त्याला सरकार कशाला म्हणायचे?

तीन आठवडे आधी

गव्हर्नर जेम्स बोडन यांनी राज्याची फौज काढायचे ठरवले, पण तिजोरी रिकामी. बॉस्टनच्या व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून ६,००० पौंडांवर रक्कम जमवली. जनरल बेंजामिन लिंकनची फौज अशा खासगी पैशावर उभी राहिली. म्हणजे ऋणकोंवर धाडलेल्या फौजेचा खर्च धनको वर्गाने उचलला! शेतकऱ्यांनी याचा काय अर्थ घेतला असेल, हे वेगळे सांगायला नको.

तीन दिवस आधी

लिंकन वुस्टरला पोचला. त्याची वाट न पाहता शस्त्रागारात जनरल विल्यम शेपर्ड सुमारे ११०० स्थानिक शिपाई घेऊन बसला होता. कोठारातल्या तोफा वापरायला त्याने परवानगी मागितली होती. युद्धमंत्री हेन्री नॉक्सचे उत्तर आले की त्याला काँग्रेसची संमती लागेल आणि काँग्रेस तर भरलेली नाही. शेपर्डने तोफा बाहेर काढल्या.

आदला दिवस

शेतकऱ्यांचा म्होरक्या झालेल्या शेजचा बेत शस्त्रागारावर तिन्ही बाजूंनी चाल करण्याचा होता. पूर्वेकडून तो स्वतः, उत्तरेकडून एलाय पार्सन्स, नदीपलीकडून ल्यूक डे. डेने चिठ्ठी पाठवली : २५ ला जमणार नाही, २६ ला येतो. चिठ्ठी शेपर्डच्या माणसांच्या हाती पडली. शेजला काहीच कळले नाही.

दुपारी चार

बॉस्टनच्या रस्त्याने, खोल बर्फातून, सुमारे १२०० माणसांची रांग दिसू लागली. टोप्यांवर हेमलॉकच्या हिरव्या डहाळ्या खोचलेल्या. शेपर्डने निरोप्ये पाठवून विचारले, काय हवे? उत्तर आले की बराकी हव्यात, कोठार हवे आणि ते आम्ही घेणारच.

शस्त्रागारापासून २५० यार्ड. रांग थांबली. शेवटची ताकीद गेली. रांग पुन्हा हलली आणि सुमारे १०० यार्ड पुढे आली.

पहिले दोन गोळे मुद्दाम डोक्यांवरून सोडले. कुणी मागे फिरले नाही. आपल्याच जुन्या सोबत्यांवर हे लोक तोफ डागणार नाहीत, असा त्यांचा भरवसा असावा. तिसऱ्यापासून नेम रांगेच्या मध्यावर धरला. चौथ्या-पाचव्या गोळ्याला रांग फुटली, मग छर्‍यांचा मारा झाला. शेजने माणसांना पांगवून उभे करायचा प्रयत्न केला, पण ऐकायला कुणी थांबले नव्हते. तिघे जागीच गेले, चौथा जखमांनी. शेतकऱ्यांकडून बंदुकीचा एकही बार निघाला नव्हता.

त्यानंतर

४ फेब्रुवारीला, रात्रभर हिमवादळातून चालत आलेल्या लिंकनने पीटर्सहॅमला उरलेला जमाव गाठला. शेज व्हरमाँटला निसटला. २१ फेब्रुवारीला काँग्रेसने महासंघाचा करार सुधारण्यासाठी फिलाडेल्फियात भरणाऱ्या परिषदेला मान्यता दिली. १७ सप्टेंबरला ३९ प्रतिनिधींनी नव्या संविधानावर सह्या केल्या. कर बसवण्याचा, फौज उभारण्याचा आणि बंड मोडण्यासाठी राज्यांचे शिपाई बोलावण्याचा अधिकार आता केंद्राला मिळाला. मॅसॅच्युसेट्समध्ये हे संविधान १८७ विरुद्ध १६८ मतांनी, जेमतेम मंजूर झाले.

शेजला १७८८ मध्ये माफी मिळाली. १८२५ मध्ये तो न्यूयॉर्क राज्यात गरिबीत वारला. अखेरच्या वर्षांत त्याला स्वातंत्र्ययुद्धातल्या सेवेबद्दल निवृत्तिवेतन मिळत होते. ते देणारे सरकार याच संविधानाने उभे केलेले होते.