खापरावरील रेषा आणि कुंभकाराचे नाव

वैनगंगेच्या तीरावरील पवनी (जि. भंडारा) हे प्राचीन विदर्भातील एक प्रमुख बौद्ध केंद्र होय. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी येथे उत्खनन केले. डॉ. शां. भा. देव व जगत्पती जोशी यांच्या या संशोधनामुळे जगन्नाथ टेकडी येथील स्तूप उजेडात आला. तेथील शिलांवर ब्राह्मी लिपीत दान देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत. ज्यांनी शिळा दिल्या त्यांची नावे दोन हजार वर्षे टिकली. परंतु त्याच वस्तीत ज्यांनी माती मळून घागरी, वाडगे, झाकण्या घडविल्या, त्यांचे एकही नाव आपणांस ज्ञात नाही. त्यांची ओळख उरली ती केवळ खापरांवर.

विदर्भातील लोहयुगीन मृद्भांड्यांत तांबड्या पृष्ठभागावर काळ्या रंगाने रेखाटन केलेली भांडी आढळतात. आडव्या पट्ट्या, तिरक्या रेषा असे हे साधे अलंकरण आहे. काळ्या-तांबड्या भांड्यांचे तंत्र याहून निराळे. भांडे पालथे ठेवून भाजल्यास आतील भागाला व काठाला हवा मिळत नाही, म्हणून तेथे काळा रंग येतो आणि उरलेले अंग तांबडे होते. येथे रंगाचे काम अग्नीच करतो. त्यासाठी आच, हवा व माती यांचे पिढ्यान्‌पिढ्या जपलेले ज्ञान लागते.

अशा कारागिराकडे समाज कोणत्या दृष्टीने पाहत होता? विनयपिटकातील ओमसवाद सिक्खापदाच्या विवेचनात नळकार, कुंभकार, पेसकार, चम्मकार व नहापित यांचे शिल्प 'हीन' मानले जात असल्याची नोंद आहे. परंतु ही नोंद तत्कालीन लोकव्यवहाराची आहे, धम्माची मान्यता नव्हे. कारण त्याच ठिकाणी शिल्पावरून भिक्खूला हिणवणे हा पाचित्तिय दोष ठरविला आहे. जन्म व व्यवसाय यांवरून होणारा अपमान संघाच्या नियमाने दंडनीय ठरला, ही सामाजिक इतिहासातील असामान्य घटना होय.

मज्झिमनिकायातील घटिकार सुत्तात कुंभकाराला तर नाव आहे आणि मानही आहे. घटिकार अंध, वृद्ध मातापित्यांचा सांभाळ करतो. तो स्वतः जमीन खणत नाही. नदीकाठची ढासळलेली किंवा उंदरांनी उकरलेली माती कावडीने आणून भांडी घडवितो. ज्याला हवे त्याने तांदूळ, मूग वा वाटाणे ठेवून भांडे न्यावे, असा त्याचा व्यवहार आहे. काशीच्या किकी राजाने दिलेले वर्षावासाचे निमंत्रण कस्सप बुद्धांनी स्वीकारले नाही, कारण घटिकाराचे निमंत्रण त्यांनी आधीच स्वीकारले होते.

लहान भांड्यांवरील नक्षीचा प्रसंग कुस जातकात येतो. कुंभाराकडे वेश पालटून राहिलेला कुस राजा लहान-मोठी भांडी घडवितो व त्यांवर आकृती काढतो. कुंभार ती राजवाड्यात नेतो. घडविणारा आपला शिष्य असल्याचे तो सांगतो, तेव्हा मद्दराज म्हणतो की तो तुझा शिष्य नव्हे, आचार्य आहे. लहान भांडी राजकन्यांकडे पाठविली जातात. कारागिराचा निर्णय त्याच्या कामावरून करावा, त्याच्या दर्ज्यावरून नव्हे, हेच येथे सूचित होते.

याउलट चुल्लवग्गात, पात्राखाली ठेवावयाची चित्रित मंडले रस्तोरस्ती मिरविणाऱ्या छब्बग्गिय भिक्खूंना भगवंतांनी मनाई केली व साधी मंडले वापरण्यास अनुमती दिली. म्हणजे विरोध कलेला नव्हता. अपरिग्रहाचे व्रत घेतलेल्याने केलेल्या प्रदर्शनाला होता. गृहस्थ कारागिराच्या नक्षीवर हा निर्बंध नाही.

आज लहान मडकी रंगवून शोभेसाठी विकली जातात. भाजण्यापूर्वी लावलेला खनिज रंग आगीत पक्का होतो. भाजल्यानंतर दिलेला रंग मात्र वरच्यावर राहतो व झिजतो. परंतु रंगापेक्षाही लवकर पुसले जाते ते घडविणाऱ्याचे नाव. रंगविणारा हात व घडविणारा हात बहुधा वेगळे असतात. पहिल्याचे कौतुक होते, दुसऱ्याचा उल्लेखही होत नाही. पवनीच्या दात्यांनी आपली नावे शिळेवर कोरविली. मडक्याच्या बुडाशी घडविणाऱ्याचे नाव लिहिण्यास शिळाही लागत नाही. आपल्या विहारांतील हस्तकलेच्या वर्गांनी हा प्रघात सुरू करावा.