एअर काढणे

वाशी तालुक्यातल्या तेरखेड्याचे नाव काढले की लोकांना फटाके आठवतात. दिवाळीत तर हटकून. मला मात्र आमच्या विहिरीवरचे पाच हॉर्सपॉवरचे डिझेल इंजिन आठवते. ते दुरुस्त होऊन, रंगरंगोटी होऊन आले त्या दिवशी वडिलांनी टाकी तोंडोतोंड भरली, हँडल मारले, पाटात पाणी पडले आणि दहा मिनिटांत इंजिन बंद पडले. कांदा पाण्याला आला होता. मिस्त्री जाताना एवढेच म्हणाला होता, "थांबलं तर एअर काढून घ्या."

या 'एअर'चा माग काढत मी पुढे पुस्तकांतून जर्मनीतल्या ऑग्सबुर्गला पोचलो. तिथे १८९७ साली रुडॉल्फ डिझेल यांच्या इंजिनाची चाचणी यशस्वी झाली. त्यात इंधन सिलिंडरमध्ये जाई ते दाबलेल्या हवेच्या झोताबरोबर. हवा हीच इंधनाची वाहक होती. पण ती दाबायला वेगळा कॉम्प्रेसर लागे. असले धूड कारखान्यात किंवा मोठ्या जहाजावर ठीक. विहिरीवर किंवा लहान बोटीवर ते कोण बसवणार? पुढे हवेवाचून, नुसत्या पंपाच्या दाबाने डिझेल फवारण्याची पद्धत आली. १९२७ पासून रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यात असे पंप मोठ्या संख्येने बनू लागले. इंजिन आटोपशीर झाले, आणि कालची वाहक हवा त्याच नळीत शत्रू ठरली. डिझेल दाबले की दाब थेट नोझलपर्यंत पोचतो. मध्ये बुडबुडा असला तर पंपाचा सगळा जोर त्याला आकसवण्यातच जातो. दुरुस्तीत नळ्या सोडल्या की हवा शिरणारच. डिझेल इंजिनाचा खरा इतिहास मला या उलटापालटीत दिसतो, कंपन्यांच्या सनावळीत नाही.

तरी सनावळी थोडी हवीच. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स १९४६ ची, पंप आणि नोझल बनवणारी बंगळुरूची मायको १९५१ ची. या अंकाच्या वाचकाला किर्लोस्कर म्हटले की १९२० साली निघालेले मासिक आठवेल. आमच्या शिवारात तो शब्द इंजिनाचाच.

वडिलांनी आधी फिल्टरवरचा स्क्रू सैल केला, फेस थांबून अखंड धार लागेपर्यंत डिझेल वाहू दिले, मग पंपावरचा. इंजिन चालले, पुन्हा बंद. तिसऱ्या खेपेला ते हात पुसून टाकीकडे पाहत बसले. टाकी वर, इंजिन खाली. जोड सैल असता तर डिझेल ठिबकले असते. कुठेच थेंब नव्हता. (शिडाच्या बोटीत बहुधा उलटे असते. टाकी खाली, पंप डिझेल वर ओढतो, म्हणून सैल जोडातून थेंबही न सांडता हवा आत येते. तिथे वॉशरन् वॉशर तपासावा लागतो.) वडिलांनी टाकीचे झाकण फिरवले. 'सुस्स' आवाज झाला. झाकणातले बारीक छिद्र नव्या रंगाने बुजले होते. बाहेरची हवा टाकीत येईना, म्हणून डिझेल खाली उतरेना. आणि प्रत्येक वेळी स्क्रू सोडला की तिथूनच हवा गुडगुडत वर जाई, म्हणून घटकाभर सारे सुरळीत वाटे. आम्ही एअर काढत नव्हतो, भरत होतो.

बाभळीच्या काट्याने त्यांनी छिद्र मोकळे केले. दिवेलागणीला पाणी शेवटच्या वाफ्यात पोचले. रंगाचे पैसे मिस्त्रीने वेगळे लावले होते.