मणिबेली ते वॉशिंग्टन : कर्ज परतले, धरण राहिले

१/ नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, अक्कलकुवा तालुक्यात, नर्मदेच्या काठी मणिबेली हे गाव आहे. सरदार सरोवराच्या बुडीत क्षेत्रात आलेल्या महाराष्ट्रातील ३३ गावांपैकी हे पहिले. जागतिक बँकेच्या इतिहासातील एका मोठ्या वळणाशी या आदिवासी गावाचे नाव कायमचे जोडले गेले आहे. परकीय भांडवल आणि प्रादेशिक विकास यांचे नाते समजून घेण्यासाठी ही कथा पाहू.

२/ प्रथम भूगोल. अक्कलकुवा आणि अक्राणी (धडगाव) हे सातपुड्यातील तालुके १ जुलै १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यात होते. नदीकाठच्या पाड्यांत भिल्ल, पावरा, तडवी समाजाची वस्ती. अक्राणीतील अनेक गावे 'वनगावे' होती. पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन सरकारी दप्तरात मात्र वनखात्याची. कसणाऱ्याच्या नावे सातबारा नाही. हा तपशील पुढे निर्णायक ठरतो.

३/ नर्मदा जलविवाद लवादाचा निवाडा डिसेंबर १९७९ मध्ये आला. २८० लाख एकर-फूट पाण्यापैकी गुजरातला ९० लाख मिळाले, महाराष्ट्राला अवघे अडीच लाख. विजेत मात्र महाराष्ट्राचा वाटा २७ टक्के. धरण गुजरातमध्ये, कालवे गुजरात-राजस्थानकडे, वीज महाराष्ट्राच्या जाळ्यात आणि बुडीत सातपुड्यात, अशी ही वाटणी होती.

४/ निवाड्यात पुनर्वसनाची तरतूद त्या काळाच्या मानाने उदार होती. ज्या कुटुंबाची २५ टक्क्यांहून अधिक जमीन जाईल, त्याला किमान दोन हेक्टर सिंचित जमीन, तीही बुडिताच्या एक वर्ष आधी. परंतु ही तरतूद 'खातेदारा'साठी होती. ज्याची जमीन कागदावर नव्हती, तो निवाड्याच्या दृष्टीने भूमिहीन किंवा 'अतिक्रमक'.

५/ मे १९८५ मध्ये जागतिक बँकेने धरण व कालव्यांसाठी ४५ कोटी डॉलरच्या कर्जाचे करार केले. एकूण खर्चाचा हा एक भागच होता. तरीही बँकेची मोहोर लागल्याने प्रकल्पाची पत वाढली. टर्बाइनसाठी जपानही पुढे आला. लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ही की केंद्राची पर्यावरणीय मंजुरी जून १९८७ ची, तीही सशर्त. कर्ज आधी आले, अभ्यास नंतर करायचे ठरले.

६/ मात्र परकीय कर्जाबरोबर अटीही येतात. विस्थापितांच्या, विशेषतः आदिवासींच्या, पुनर्वसनाविषयी बँकेचे स्वतःचे धोरण होते आणि करारात त्याचे प्रतिबिंब होते. या अटींनी डोंगरातील माणसाच्या हाती एक नवे साधन दिले. जो प्रश्न तहसीलदाराच्या टेबलावर अडत असे, तो आता वॉशिंग्टनमध्ये विचारता येऊ लागला.

७/ दबावाचा परिणाम दिसला. डिसेंबर १९८७ मध्ये गुजरातने भूमिहीन, अतिक्रमक आणि सज्ञान मुलगे यांनाही दोन हेक्टर देण्याचे धोरण स्वीकारले. महाराष्ट्राने त्या वेळी तसे केले नाही. एकाच जलाशयात बुडणाऱ्यांचा हक्क राज्याच्या सीमेवर बदलत होता. महाराष्ट्रात संघटित झालेले धरणग्रस्त पुढे नर्मदा बचाओ आंदोलनाचा भाग बनले.

८/ महाराष्ट्रातच वसू इच्छिणाऱ्यांसाठी तळोद्याचे सुमारे ४,२०० हेक्टर जंगल टप्प्याटप्प्याने मोकळे करण्यात आले. पण ते जंगलही रिकामे नव्हते. त्यावर जगणाऱ्या स्थानिक आदिवासींनी विरोध केला. एका आदिवासीचे पुनर्वसन दुसऱ्याच्या उपजीविकेवर उभे राहिले. कर्जाच्या हिशेबात या खर्चाला रकाना नव्हता.

९/ १९९० मध्ये जपानने पुढील कर्ज थांबवले. १९९१ मध्ये जागतिक बँकेने स्वतंत्र समीक्षा नेमली. अध्यक्ष ब्रॅडफर्ड मोर्स हे संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचे माजी प्रमुख, तर उपाध्यक्ष टॉमस बर्जर हे कॅनडातील मॅकेन्झी खोऱ्यातील वायुवाहिनीची चौकशी केलेले न्यायविद. आपणच पैसा दिलेल्या प्रकल्पाची अशी बाहेरून तपासणी बँकेने प्रथमच करवून घेतली.

१०/ जून १९९२ च्या अहवालाचा निष्कर्ष कठोर होता. सद्यःस्थितीत सर्व विस्थापितांचे पुनर्वसन शक्य नाही, पर्यावरणीय परिणामांचा पुरेसा विचार झालेला नाही आणि बँकेने मागे सरून नव्याने विचार करावा. ऑक्टोबरमध्ये अमेरिका, जपान, जर्मनी, कॅनडा आदी देशांच्या प्रतिनिधींचा विरोध असूनही बहुमताने कर्ज चालू राहिले. पण सहा महिन्यांच्या मुदतीत अटी पूर्ण करण्याचे बंधन पडले.

११/ मुदत संपण्याच्या बेतात, मार्च १९९३ च्या अखेरीस, भारत सरकारने उर्वरित कर्ज नको असे कळवले. काठावर हा विजय मानला गेला, आणि तो विजय होताही. पण त्याच पावसाळ्यात मणिबेलीच्या घरांत पाणी शिरले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये धडगाव तालुक्यात बुडिताच्या सर्वेक्षणाला विरोध करणाऱ्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात एक आदिवासी किशोर मृत्युमुखी पडला.

१२/ येथे या इतिहासाचा पेच आहे. कर्जाने अन्यायाला बळ दिले, त्याचबरोबर तक्रारीला दारही दिले. कर्ज गेले तेव्हा दार बंद झाले, बांधकाम मात्र देशी पैशावर चालू राहिले. सप्टेंबर १९९३ मध्ये बँकेने 'इन्स्पेक्शन पॅनेल' स्थापले. बँकेच्या प्रकल्पाने बाधित झालेल्या दोन किंवा अधिक लोकांना एकत्रितपणे बँकेविरुद्ध दाद मागण्याची सोय झाली. नर्मदेच्या लढ्याने ती घडवण्यात मोठा वाटा उचलला. नर्मदेचे कर्ज मात्र सहा महिने आधीच संपले होते.

१३/ पुढे प्रश्न देशी न्यायालयात गेला. १८ ऑक्टोबर २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोन विरुद्ध एक मताने बांधकामास परवानगी दिली. उंची टप्प्याटप्प्याने वाढत १३८.६८ मीटरवर पोहोचली. १७ सप्टेंबर २०१७ रोजी लोकार्पण झाले आणि २०१९ मध्ये जलाशय प्रथमच पूर्ण भरला.

१४/ जगाला काय मिळाले? १९९४ च्या 'मणिबेली जाहीरनाम्या'ने मोठ्या धरणांना बँकेचा पैसा थांबवण्याची मागणी केली आणि अनेक देशांतील संघटनांनी तिला पाठिंबा दिला. पुढे जागतिक धरण आयोगाने २००० साली अहवाल दिला. म्हणजे दूरवरच्या खोऱ्यांतील लोकांना आज जे नियम आधार देतात, त्यांच्या घडणीत सातपुड्याच्या पाड्यांचा हात आहे.

१५/ आणि नंदुरबारला? काही कुटुंबांना सपाटीवर जमीन मिळाली, काहींची प्रतीक्षा दशकांची ठरली, आणि उरलेल्या गावांच्या वाटा पाण्याखाली गेल्याने होडी हाच रस्ता झाला. पैसा परकीय की स्वदेशी, हा प्रश्न म्हणूनच अपुरा आहे. खरा प्रश्न असा : ज्याची जमीन जाते त्याचे नाव कागदावर कधी चढते, पैसा येण्याआधी की पाणी चढल्यावर?