मुंगीच्या घरातला पाहुणा

शिरूरहून न्हावऱ्यामार्गे चौफुल्याकडे जाताना रस्त्याकडेला अजून थोडा माळ उरला आहे. पाऊस उघडला की तिथल्या मुंग्या भिजलेले बी बिळाबाहेर आणून वाळत घालतात. आमच्याकडच्या शेतकऱ्याला याचे नवल नाही. युरोपातले नामवंत कीटकज्ञ मात्र एकोणिसाव्या शतकात म्हणत होते, की मुंगी धान्य साठवतच नाही. जुन्या लोकांनी तिच्या कोशांनाच दाणे समजले. लेफ्टनंट कर्नल विल्यम साइक्स यांनी 1829 मध्ये पुण्यात गवताच्या बियांचे असे ढीग पाहिले आणि त्या मुंगीचे नाव ‘प्रोव्हिडेन्स’, म्हणजे पुढचे पाहणारी, असे ठेवले. तरी वाद मिटायला मॉग्रिज यांचे 1873 चे पुस्तक यावे लागले. त्यांच्या मुंग्या दक्षिण फ्रान्समधल्या होत्या!

साइक्स यांची मुंगी आज फायडोले वंशात मोडते. पॉसस नावाचे भुंगेरे बहुधा याच वंशाच्या मुंग्यांच्या बिळांत राहतात. जेमतेम सेंटिमीटरभर अंग, आणि शिंगे बारीक दोऱ्यासारखी नव्हेत, तर गदेसारखी फुगीर. अंगातून पाझरणारा स्राव मुंग्या चाटतात आणि त्याला घरात वावरू देतात. तो त्यांचीच पिल्ले खातो. डिवचला तर मागून फट्दिशी तापलेला दाहक फवारा सोडतो. अभ्यासक त्याला ‘पाहुणा’ म्हणतात. मला तो शब्द फार सौम्य वाटतो.

या वंशाला लिनियसने 1775 मध्ये नाव दिले. मुंबई इलाख्यातले वनाधिकारी रॉटन यांनी 1892 मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात इथल्या मुंग्यांवर लिहिले. फाउलर यांचा भारतातल्या पॉससांची माहिती देणारा खंड 1912 मध्ये आला. पण रात्री दिव्यावर आलेला भुंगेरा उचलणे सोपे, बीळ खणणे कष्टाचे. त्यामुळे कितीतरी जातींना नाव मिळाले, त्यांचे घर मात्र कळलेच नाही. साइक्स यांनी मुंगीचे नाव तिच्या कामावरून ठेवले होते. भुंगेऱ्याची ओळख टाचणीवरच थांबली.

गेल्या जूनमध्ये माझ्या पडवीतल्या दिव्याखाली एक पॉसस सापडला. दुसऱ्या दिवशी खुरपे घेऊन माळावर गेलो, तर ओळखीची बिळे असलेला तुकडा प्लॉटिंगसाठी सपाट केलेला. रांजणगाव आणि कुरकुंभच्या औद्योगिक वसाहती झाल्यापासून पडीक जमीन इथे कोणी पडीक ठेवत नाही. चिठ्ठीवर तारीख आणि गाव लिहिले. मुंगीची ओळ कोरी आहे. बांधापलीकडे दोन बिळे शिल्लक आहेत. ज्वारी निघाल्यावर खणा, असे शेतमालक म्हणाले आहेत.