कंपनी बुडाली, हक्क नाही

जुन्या तबकड्यांचा नाद असलेल्या मंडळींत एक वाक्य प्रमाण मानले जाते: कंपनी बुडाली, हक्क बुडाला. चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात लाखेचा तवा हाती लागतो. लेबलवरची कंपनी केव्हाच बंद पडलेली असते. मग ‘आता विचारणार कोण?’ या प्रश्नालाच उत्तर समजून गाणे यूट्यूबवर चढते.

ही बाजू अगदीच लेचीपेची नाही. हक्क कुणाच्या तरी कमाईसाठी असतो. कमावणाराच उरला नाही तर नुकसान कुणाचे? शिवाय कंपन्यांनी जे जपले नाही ते संग्राहकांच्या कपाटांनी जपले, हेही खरे. पण त्यातून काढलेला निष्कर्ष खोटा आहे.

कॉपीराइट ही मालमत्ता आहे. गिरणी बंद पडली म्हणून तिची जमीन शेजाऱ्यांची होत नाही, हे मुंबईकराला सांगायला नको. कंपनी मोडीत निघाली की अवसायक यंत्रे विकतो तसे हक्कही विकू शकतो. कुणीच धनी उरला नाही तर बेवारस मालमत्ता सरकारजमा होते, असे राज्यघटनेचे कलम २९६ सांगते. हक्क सोडायचाच असेल तर कॉपीराइट कायद्याच्या कलम २१ मध्ये रीतसर नोटिशीची सोय आहे. शटर ओढणे म्हणजे ती नोटीस नव्हे.

आणि ‘बुडाली’ म्हणजे तरी काय? पॉलिडोर दिसेनाशी झाली, पण ती म्युझिक इंडिया झाली, मग पॉलिग्राम, मग युनिव्हर्सल. ओडियनची गोष्ट याहून गमतीची. हे लेबल ज्या जर्मन लिंडस्ट्रॉम समूहाचे, तो १९२०च्या दशकातच कोलंबियाच्या ताब्यात गेला. १९३१ साली कोलंबिया आणि एचएमव्हीवाली ग्रामोफोन कंपनी एकत्र येऊन ईएमआय झाली. त्यामुळे तिसाच्या दशकात आपल्याकडे एचएमव्हीची प्रतिस्पर्धी म्हणून मिरवणारी ओडियन खरे तर त्याच घराण्यातली होती. लेबल मेले, घर जिवंत.

मग हे जुने तवे वाजवणारे सगळे चोर का? मुळीच नाही. त्यांतले बरेच तवे खरोखरच मोकळे आहेत, पण कारण वेगळे आहे. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतरच्या पुढल्या वर्षाच्या आरंभापासून ६० वर्षे चालतो, मग त्याचा धनी जिवंत असो वा नसो. पूर्वी ही मुदत ५० वर्षांची होती. रवींद्रनाथ ठाकूर १९४१ साली गेले. त्यांच्या साहित्यावरचा हक्क १९९१ अखेर संपणार म्हणून सरकारने साहित्याबरोबर ध्वनिमुद्रणाचीही मुदत वाढवली आणि ती वाढ २८ डिसेंबर १९९१ पासून लागू झाली. परिणाम असा की १९४० साली निघालेला तवा १९९० संपताच सुटला, आणि १९४१चा तवा सुटायला तीन दिवस उरले असताना आणखी दहा वर्षे अडकला. त्याच्या कंपनीला टाळे लागले होते की नाही, हे कुणी विचारले नाही.

हाच हिशेब पुढे चालवा. वडाळ्याच्या ‘यंग इंडिया’ लेबलचे १९५५ पर्यंतचे सगळे तवे २०१५ संपताच मोकळे झाले. त्याच काळातले एचएमव्हीचे तवेही त्याच दिवशी मोकळे झाले, जरी ती कंपनी आज सारेगामा या नावाने धडधाकट आहे. उलट १९७२ साली एखाद्या छोट्या कंपनीने एलपी काढून दुसऱ्याच वर्षी गाशा गुंडाळला असेल, तरी तिच्यावरचा हक्क ३१ डिसेंबर २०३२ पर्यंत आहे. प्रचलित समज दोन्हीकडून फसवतो: मोकळे ते घाबरून दडवायला लावतो आणि बांधलेले ते बिनधास्त वाटायला.

शिवाय तबकडी सुटली म्हणजे गाणे सुटले असेही नाही. शब्द आणि चाल यांचे हक्क वेगळे असून ते कवी-संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे चालतात. गदिमा १९७७ साली गेले. त्यांचे शब्द २०३७ अखेरपर्यंत बांधलेले आहेत, मग ते कोणत्याही तव्यावर असोत.

धनी सापडतच नसेल तर? त्यासाठी कॉपीराइट कायद्यात कलम ३१-क आहे. वृत्तपत्रात जाहिरात द्यायची, अर्ज करायचा, ठरलेले मानधन भरायचे आणि परवाना मिळवायचा. वाट किचकट आहे आणि हौशी संग्राहकाला परवडणारी नाही, ही माझीही तक्रार आहे. पण ती कायदा सोपा करून मागण्याची तक्रार आहे, हक्कच नाही म्हणण्याची नव्हे. नुसते जपायचे असेल तर तेवढाही खटाटोप नको. बिगरव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयाला आपल्याकडच्या मूळ प्रतीची डिजिटल प्रत जतनासाठी ठेवायला २०१२ च्या दुरुस्तीने मुभा दिली आहे. त्यासाठी कंपनी बुडलेली असावी लागत नाही.

म्हणजे सगळा वाद येऊन ठेपतो तो प्रसिद्धीच्या सालावर. आणि ७८ फेऱ्यांच्या तव्याच्या लेबलवर साल बहुधा छापलेलेच नसते. ते शोधावे लागते साच्याच्या क्रमांकावरून, कंपन्यांच्या जुन्या याद्यांवरून, वृत्तपत्रांतल्या जाहिरातींवरून. तेव्हा आजोबांच्या ट्रंकेत तव्यांबरोबर ग्रामोफोन कंपन्यांची पिवळी पडलेली सूचिपत्रे सापडली, तर तवे ठेवून ती तेवढी रद्दीत घालू नका.